उपदेशकाची कसोटी

उपदेश हा असा माल आहे की, तो देणारेही फार आणि घेणारेही फार. परंतु तो वजनात पुरा भरतो की नाही हे तपासून पाहण्याचा तराजू मात्र क्वचितच कोणाजवळ आढळतो. कीर्तन रंगले, प्रवचनास मंडप अपुरा पडला, बोवांच्या वाणीने श्रोते डोलू लागले, म्हणजे उपदेश उत्तम झाला असे आपण समजतो, आणि घरी परतताना पुराणातली वांगी पुराणातच ठेवून येतो. हल्ली तर ध्वनिक्षेपकाच्या साह्याने एकाच वेळी अफाट जनसमूहास आपला शब्द ऐकविणारे उपदेशक सर्वच धर्मांत निघाले आहेत, आणि गर्दीच्या मानाने त्यांचे मोल ठरविण्याची चाल पडत चालली आहे. अशा वेळी, ज्याच्याइतकी गर्दी त्या काळी फारच थोड्यांनी जमविली, आणि तरीही ज्याने आपल्या शिष्यांस गर्दीवर भिस्त ठेवण्यास शिकविले नाही, अशा एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. हा पुरुष म्हणजे लंडन शहरातील बाप्तिस्त पंथाचे ख्रिस्ती उपदेशक चार्ल्स हॅडन स्पर्जन होय.

कोणी विचारील की, परदेशच्या, परधर्माच्या एका पाद्र्याचे गोडवे गाण्याचे तुम्हांस काय प्रयोजन? त्यास आमचे उत्तर असे की, आम्ही गोडवे गाण्यास बसलोच नाही. ह्याच गृहस्थांनी सन १८५७ मध्ये आमच्या देशाविषयी व धर्माविषयी जे उद्गार काढले, ते वाचून कोणाही स्वाभिमानी माणसाचे रक्त तापल्यावाचून राहणार नाही. त्यांचा हिशेब आम्ही पुढे घेणारच आहोत. परंतु ज्यांनी न्यायाचा अभ्यास केला आहे त्यांस ठाऊक असते की, प्रतिपक्षाचा पुरावा देखील पुरता वाचल्याशिवाय निकाल देता येत नाही. गुण परक्याचा असला तरी घ्यावा आणि दोष मोठ्याचा असला तरी दाखवावा, इतकाच आमचा हेतू आहे.

स्पर्जन यांचा जन्म १९ जून १८३४ रोजी इंग्लंडातील एसेक्स परगण्यात केल्व्हेडन गावी झाला. बाप आणि आजा दोघेही उपदेशकाचे काम करणारे. लहानपणी काही वर्षे ते आजोबांच्या घरी वाढले, आणि तेथल्या जुन्या ग्रंथांच्या कपाटातच त्यांची खरी शाळा भरली. बनियनचा जो ग्रंथ हरि केशवजी यांनी ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठीत आणला, तो ह्या मुलाचा आवडता सोबती होता आणि जन्मभर तसाच राहिला. परंतु पुस्तकांनी जे झाले नाही ते एका हिमवृष्टीने केले. ६ जानेवारी १८५० रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, बर्फाच्या वादळामुळे नेहमीच्या प्रार्थनामंदिरात जाता येईना, म्हणून ते कोल्चेस्टर गावातील एका गल्लीतल्या लहानशा मंदिरात शिरले. नेमलेला उपदेशक आलाच नव्हता. मोजकी माणसे बसलेली; त्यांतीलच एक साधा, किरकोळ अंगाचा, कारागीर दिसणारा मनुष्य उभा राहिला आणि यशयाच्या ग्रंथातील एका वचनावर, येईल तसे, दहापंधरा मिनिटे बोलला. शब्दभांडार संपल्यामुळे तो तेच ते पुन्हा सांगत होता. त्या अडखळत्या बोलण्याने ह्या मुलाचे आयुष्य पालटले. ज्यांच्या वक्तृत्वाची कीर्ती पुढे जगभर झाली, त्यांस मार्ग दाखविणारा गुरू असा निनावी व अशिक्षित होता. ही गोष्ट स्पर्जन जन्मभर सांगत असत. आणि विद्येचा ताठा मिरविणाऱ्यांनी ती ध्यानात धरण्याजोगी आहे.

सन १८५१ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, केंब्रिजजवळील वॉटरबीच खेड्याच्या मंडळीने त्यांस पाळक नेमले. त्यांनी विद्यालयात जाऊन रीतसर अध्ययन करावे म्हणून विद्यालयाच्या प्रमुखांशी भेट ठरविण्यात आली; पण घरातील मोलकरणीने दोघांस दोन निरनिराळ्या खोल्यांत बसविले, दोघेही एकमेकांची वाट पाहून कंटाळून निघून गेले, आणि पदवीचा मार्ग तेथेच खुंटला. सन १८५४ मध्ये लंडनच्या साउथवर्क भागातील न्यू पार्क स्ट्रीट येथील जुन्या मंडळीने त्यांस बोलावून घेतले. तेव्हा ह्या मंडळीचे सभासद अडीचशेही नव्हते. स्पर्जन यांच्या अखेरीस ते पाच हजारांवर गेले. लोक दारांखिडक्यांशी दाटू लागले, म्हणून आधी एक्झेटर हॉल आणि मग सरे गार्डन्समधील संगीतगृह भाड्याने घ्यावे लागले. आणि शेवटी मार्च १८६१ मध्ये मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल ह्या नावाचे, सुमारे पाच-सहा हजार माणसे मावतील असे भव्य मंदिर उघडण्यात आले. त्या इमारतीवर एका पैचेही कर्ज ठेवावयाचे नाही असा त्यांचा निश्चय होता, आणि तो त्यांनी पार पाडला. देवालयांचे जीर्णोद्धार कर्जाच्या भरवशावर काढून मग वर्षानुवर्षे वर्गणीदारांच्या मागे धावणाऱ्या पंचांनी याची नोंद घ्यावी.

पण ह्या यशाच्या आरंभीच एक भयंकर प्रसंग घडला, आणि त्याशिवाय त्यांच्या पुढील शिकवणीचा अर्थ उमगत नाही. १९ ऑक्टोबर १८५६ च्या संध्याकाळी सरे गार्डन्सच्या संगीतगृहात हजारो लोक जमले असता कोणी तरी ‘आग, आग’ अशी खोटी ओरड केली. चेंगराचेंगरी होऊन सात माणसे प्राणास मुकली आणि कित्येक जबर जखमी झाली. स्पर्जन त्या वेळी बावीस वर्षांचे होते. घरी जुळ्या मुलांस जन्मून जेमतेम महिना झाला होता. तरुण उपदेशक कोलमडला. काही दिवस तर त्यांची बुद्धी ठिकाणावर राहते की नाही अशी जवळच्यांस धास्ती पडली, आणि वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठविली ती वेगळीच. ते पुन्हा उभे राहिले खरे, पण खिन्नतेची ती छाया मरेपर्यंत पुरती हटली नाही. पुढे संधिवाताने शरीरही पोखरले. गर्दी म्हणजे काय आणि तिची किंमत कोणास द्यावी लागते, हे त्यांस असे कोवळ्या वयातच समजले.

आता त्यांच्या शिकवणीकडे वळू. स्वतः पदवी नसलेल्या ह्या माणसाने सन १८५६ च्या सुमारास उपदेशक तयार करण्याचे एक विद्यालय काढले. पहिला विद्यार्थी एकच होता. स्पर्जन यांच्या हयातीत तेथून जवळजवळ नऊशे उपदेशक बाहेर पडले. प्रवेशाची अट पैशाची नव्हती. ज्याने आधी काही काळ लोकांत उपदेशाचे काम करून दाखविले आहे त्यालाच घ्यावे, आणि तो गरीब असेल तर त्याच्या अन्नवस्त्राचीही तजवीज करावी, असा नियम होता. खर्च प्रथम स्पर्जन स्वतःच्या पुस्तकांच्या उत्पन्नातून चालवीत. शुक्रवारी दुपारी, आठवड्याच्या अध्ययनाने मुले थकलेली असत तेव्हा, ते त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत. त्या बोलण्याचा पहिला संग्रह सन १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ह्या व्याख्यानांत धर्मशास्त्राचा काथ्याकूट थोडा आणि धंद्याची माहिती फार आहे. पहिलेच व्याख्यान उपदेशकाने स्वतःवर पहारा ठेवण्याविषयी आहे. दुसऱ्यास औषध देणारा स्वतः रोगी असेल तर त्याच्या औषधावर विश्वास कोण ठेवील, हा त्याचा मथितार्थ होय. पुढे आवाजाविषयी बोलताना ते देवळात शिरताच निराळा गळा काढणाऱ्यांची मनसोक्त थट्टा करतात; माणूस बाजारात ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात त्याने धर्म सांगावा, असे त्यांचे मत होते. श्रोत्यांचे लक्ष का लागत नाही, ह्या प्रश्नास त्यांचे एक उत्तर तर इतके साधे आहे की हसू यावे: खिडक्या उघडा! कोंदट हवेत साक्षात देवदूत बोलू लागला तरी लोक पेंगणारच. ज्या गरीब उपदेशकाजवळ पुस्तके थोडी आहेत त्याने आहेत तेवढीच रक्तात मुरेपर्यंत वाचावी, असा त्यांचा दिलासा आहे. गावातील चहाड्यांपुढे एक डोळा आंधळा आणि एक कान बहिरा ठेवावा, ही सूचना तर कोणत्याही सार्वजनिक कार्यकर्त्याने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

ह्या सर्वांत आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते उपदेशकाच्या मनाला येणाऱ्या ग्लानीवरील व्याख्यान. देवाचे नाव घेणारा मनुष्य उदास होऊच शकत नाही, झाला तर त्याची श्रद्धाच कच्ची, अशी समजूत त्या देशातही होती आणि आमच्याकडेही आहे. स्पर्जन यांनी ती विद्यार्थ्यांपुढे उघडपणे मोडून काढली. शरीराचा आजार, एकाच जागी बसून केलेले काम, मोठ्या यशानंतर येणारा थकवा, विश्वासातल्या माणसाने केलेला दगा, अशी एकेक कारणे सांगून, हे आपल्यावरही गुदरले आहे, असे त्यांनी कबूल केले. विसावा हा आळस नव्हे, हेही बजावले. लोकप्रियतेच्या शिखरावरील माणसाने आपली दुर्बलता शिष्यांपुढे अशी मांडावी, याला जे धैर्य लागते ते टाळ्या मिळविण्याच्या धैर्याहून निराळे आहे.

त्यांच्या पत्नी सुझन्ना यांचे नावही येथे घेतले पाहिजे. सन १८६८ पासून त्या बहुतेक अंथरुणास खिळलेल्या होत्या. वरील व्याख्यानांचे मुद्रित त्यांनी वाचले, आणि हे पुस्तक प्रत्येक गरीब उपदेशकाच्या हाती पडावे असे त्यांस वाटले. मग घरखर्चातून बाजूस काढून ठेवलेली चांदीची नाणी त्यांनी मोजली, तो शंभर प्रतींची किंमत बरोबर भरली. त्या शंभर प्रतींपासून एक पुस्तकनिधी उभा राहिला, आणि सन १९०३ मध्ये त्या निवर्तल्या तोपर्यंत त्यातून सुमारे दोन लाख ग्रंथ वाटले गेले होते. रुग्णशय्येवरून एवढे कार्य करणाऱ्या स्त्रीस ‘अबला’ म्हणणारांनी आपला कोश तपासून पाहावा.

पैशाच्या बाबतीत स्पर्जन यांचा व्यवहार व्यापारी वाचकांनी पाहण्यासारखा आहे. त्यांचे प्रवचन रविवारी लिहून घेतले जाई, सोमवारी ते स्वतः तपासून दुरुस्त करीत, आणि त्याच आठवड्यात ते एका पेनीस विकले जाई. हा क्रम सन १८५५ मध्ये सुरू झाला तो त्यांच्या मृत्यूनंतरही सन १९१७ पर्यंत चालला. एकंदर त्रेसष्ट खंड झाले. उत्पन्न प्रचंड होते. पण आले तसे ते गेले. हिलयार्ड नावाच्या एका विधवा बाईने वीस हजार पौंड देऊ केले, त्यातून सन १८६७ मध्ये स्टॉकवेल येथे अनाथ मुलांचा आश्रम निघाला. तेथे मुलांस एका लांबलचक कोठडीत कोंबून, एकाच रंगाची बंडी घालून, ‘हे अनाथ’ असा शिक्का त्यांच्या कपाळी मारण्याची चाल त्यांनी ठेवली नाही. निरनिराळी घरे, प्रत्येक घरास सांभाळणारी एक बाई, आणि मुलाचा बाप कोणत्या पंथाचा होता ही चौकशी नाही. पाळकपदाची पंचवीस वर्षे भरली तेव्हा मंडळीने सहा हजार पौंडांहून अधिक रकमेची थैली अर्पण केली. तिचा बहुतेक भाग त्यांनी वृद्ध निराधार स्त्रियांच्या आश्रयगृहाकडे वळविला. अमेरिकेत व्याख्याने द्या, मागाल ते देऊ, अशी बोलावणी आली. ती त्यांनी नाकारली.

येथपर्यंत सारे गोडच आहे. परंतु साक्षीदाराची खरी परीक्षा सरतपासणीत होत नाही, उलटतपासणीत होते. उपदेशकाची उलटतपासणी एकाच प्रश्नाने होते: ज्यांच्या पैशावर तुझे कार्य चालते, ज्यांच्या टाळ्या तुला मिळतात, त्यांच्या पापाविषयी तू काय बोललास? ह्या प्रश्नास स्पर्जन यांच्या आयुष्यात दोन निरनिराळी उत्तरे सापडतात.

पहिले अमेरिकेचे. तेथील दक्षिणेकडील संस्थानांत त्या वेळी गुलामगिरी चालू होती, आणि गुलामांचे धनी स्वतःस उत्तम ख्रिस्ती समजून स्पर्जन यांची प्रवचने आवडीने विकत घेत. त्यांच्या अमेरिकन आवृत्तींत गुलामगिरीविरुद्धचे शब्द दिसत नाहीत, असा आक्षेप निघाला. तेव्हा स्पर्जन यांनी सन १८६० मध्ये पत्र लिहून स्पष्ट सांगितले की, गुलाम बाळगणाऱ्यास आपण प्रभुभोजनाच्या पंक्तीस घेणार नाही. परिणाम व्हावयाचा तो झाला. दक्षिणेत ठिकठिकाणी त्यांच्या पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, खप कोसळला, आणि त्या उत्पन्नावर चालणाऱ्या विद्यालयास ओढाताण सोसावी लागली. गिऱ्हाईक गमावून सत्य बोललेला उपदेशक तो हा. ह्या उत्तरास आम्ही पैकीच्या पैकी गुण देतो.

दुसरे उत्तर आमच्या देशासंबंधाचे. सन १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात शिपायांचा उठाव झाला, आणि ब्रिटिश सरकारने ७ ऑक्टोबर हा दिवस राष्ट्राच्या उपासाचा व पश्चात्तापाचा म्हणून जाहीर केला. त्या दिवशी लंडनच्या स्फटिकप्रासादात स्पर्जन यांचे प्रवचन ठेवण्यात आले. दारावर मोजलेली संख्या २३,६५४ होती. ध्वनिक्षेपक नाही, विजेचा दिवा नाही, आणि वक्ता तेवीस वर्षांचा! मीखा संदेष्ट्याच्या एका वचनावर ते बोलले. सरकारच्या पापांवर त्यांनी पांघरूण घातले नाही. हिंदुस्थानच्या राज्यकारभाराची पापे काळी व खोल आहेत, छळ सोसणाऱ्या रयतेच्या किंकाळ्या आणि पदच्युत केलेल्या राजांचे शाप ज्याने ऐकले त्यास हे संकट आधीच दिसावयास हवे होते, अशा आशयाचे शब्द त्यांनी त्या प्रचंड सभेत उच्चारले. राजधानीत, युद्ध चालू असता, एवढे बोलणे लहान गोष्ट नव्हती. ते त्यांच्या जमेस धरलेच पाहिजे.

परंतु त्याच तोंडाने त्यांनी असेही सांगितले की, उठाव करणारे शिपाई हे शत्रू नसून केवळ गुन्हेगार आहेत, आणि त्यांस गुन्हेगाराची शिक्षा हीच योग्य. हिंदूंचा धर्म म्हणजे केवळ घाण आहे, आणि सरकारने तो खपवून घेतला हेच सरकारचे पाप. येथे आमचा त्यांच्याशी उघड वाद आहे. कानपुरात बायकामुलांची जी हत्या झाली तिचे समर्थन आम्ही करीत नाही. कोणीही करू नये. पण ज्या राजांचे शाप योग्य म्हणावयाचे, त्यांच्या बाजूने शस्त्र उचलणारास फासाखेरीज दुसरे काही देऊ नये, हा न्याय कोणत्या न्यायासनाचा? आणि ज्या धर्माचा एकही ग्रंथ आपण त्याच्या भाषेत वाचला नाही, ज्याच्या एकाही संताची वाणी ऐकली नाही, त्याचा निकाल एका तासाच्या प्रवचनात लावणे, हे एकतर्फी हुकूमनाम्याहून वेगळे नाही. आमच्या समाजात सती, बालविवाह, अस्पृश्यता ही पापे होती, आणि त्यांतील कित्येकांचे अवशेष आजही आहेत, हे आम्ही कोणाच्याही आधी कबूल करू. पण घरातला केर दाखविणे निराळे आणि घरच जाळण्यास सांगणे निराळे.

येथे स्पर्जन का घसरले, हे ध्यानात घ्यावे. अमेरिकेतील प्रश्नात त्यांच्या मताने त्यांचे गिऱ्हाईक दुखावत होते, म्हणून ते मत त्यांस तावूनसुलाखून घ्यावे लागले. स्फटिकप्रासादातील सभेत शिपायांचा आणि हिंदू धर्माचा निषेध ऐकून दुखावणारा एकही मनुष्य बसलेला नव्हता. सर्व श्रोते ज्या मताचे, त्याच मताचा वक्ता, आणि ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते चार हजार मैल दूर. अशा जागी मोठ्या माणसाचाही विवेक झोपी जातो. पुढे सन १८८६ मध्ये ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडास स्वराज्य देण्याचे विधेयक आणले तेव्हा, ग्लॅडस्टन यांचे इतर बाबतींत चाहते असूनही, स्पर्जन त्याच्या विरुद्ध गेले. राज्यकर्त्या राष्ट्रात जन्मलेल्या सज्जनासही परतंत्राचे दुःख पुरतेपणी समजणे किती कठीण आहे, त्याचाच हा दाखला होय.

तथापि अखेरच्या दिवसांतील एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा निवाडा पुरा होत नाही. आपल्याच पंथातील कित्येक उपदेशक मूळ श्रद्धेपासून ढळत आहेत, असे वाटल्यावरून ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी बाप्तिस्त संघाचा राजीनामा दिला. जुने मित्र दुरावले, त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकीही काही उलटले, आणि पुढील जानेवारीत संघाच्या मंडळाने त्यांच्यावर ठपका ठेवला. त्या वादात धर्मशास्त्र कोणाचे बरोबर होते हे ठरविणे आमचे काम नाही. आम्हांस तर नव्या विचारांची भीती मुळीच वाटत नाही. पण जे मनात होते ते त्यांनी मोल देऊन सांगितले, एवढे खरे. ३१ जानेवारी १८९२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावर मांतों येथे, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांचा देहान्त झाला.

असो. ह्या चरित्रापासून आमच्या वाचकांनी काय घ्यावे? स्पर्जन यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. एका मोलकरणीस विचारण्यात आले की, तुझा पालट झाला याला पुरावा काय? ती म्हणाली, पूर्वी मी सतरंजीवरचा केर काढीत असे, आता सतरंजीखालचाही काढते. धर्माची ह्याहून सुटसुटीत व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. दुकानदाराने ती तराजूला लावावी, वकिलाने ती कैफियतीला लावावी, आणि संपादकानेही ती आपल्या लेखणीला लावावी. कारण उपदेशकाचा धंदा आम्हीही करतो, आणि ज्या दोषासाठी आम्ही स्पर्जन यांस नावे ठेविली तो दोष आमच्या दाराशी रोज उभा असतो. वाचकांस आवडेल तेच लिहिणे, आणि जे समोर नाहीत त्यांच्यावर आसूड ओढणे, यासारखे सोपे काम दुसरे नाही.

तेव्हा यापुढे कोणी बोवा, मौलवी, पाद्री वा पुढारी आपल्या गावी येऊन गर्दी जमवील, तेव्हा मंडप केवढा भरला हे विचारू नका. त्याने समोर बसलेल्यांच्या दोषांवर बोट ठेविले की दूरच्यांच्या, हे विचारा. त्या बोलण्यापायी त्याचे काय गेले, हे विचारा. आणि थैलीत पडलेला पैसा पुढे कोठे गेला, हेही विचारा. ह्या तीन प्रश्नांस जो टिकेल, तो कोणत्याही धर्माचा असो, त्यास ऐकावे. जो टिकणार नाही, त्याचा धर्म आपला असला, तरी त्याच्या मंडपातून उठून यावे.